ठकीच्या पुलावर दोन पाट्या

आधी मार्थामावशींचं नाव लिहिते, मग बाकीचं. मार्थामावशी म्हणजे मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, सत्तरीच्या, मुक्काम पळसवाडी, निमोण्याच्या पुढे. ओळख ना देख, तरी त्यांनी मला तीन दिवस घरात ठेवून घेतलं, जेवू घातलं आणि साहेबासमोर माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. पुढे जे सांगणार आहे त्यातलं चांगलं झालं ते त्यांच्यामुळे. बिघडलं ते माझ्यामुळे, आणि निस्तरलं तेही त्यांनीच.

मी प्रवास लिहिणारी बाई नाही. सातवी शिकलेली आहे. माझं माहेर भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या अलीकडे. आठवीची शाळा नदीच्या पलीकडे होती आणि नदीवर पूल नव्हता. पावसाळाभर डोंगा चालायचा, पण डोंग्यात बसवून मुलीला शाळेत पाठवायची माझ्या बाबांची छाती झाली नाही. तिथे माझी शाळा संपली. पुढे रेल्वेतल्या मामांनी दौंडचं स्थळ काढलं, आणि मी दोन रात्री गाडीत बसून इकडे आले.

आमचे हे पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोवरची नावं, शाळेच्या भिंती. सुरुवातीला मी यांनी आखलेल्या अक्षरांत रंग भरायची, मग आखायलाही लागले. आता तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं, असं हे स्वतः म्हणतात, फक्त गिऱ्हाइकासमोर म्हणत नाहीत.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात हे शिडीवरून पडले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमकं त्याच आठवड्यात शिरूर तालुक्यातल्या नव्या छोट्या पुलांवर नद्यांची नावं घालायचं काम एका ठेकेदाराकडून आलं होतं. पहिला पूल नमुन्याचा. तो ओव्हरसियर साहेबांना पसंत पडला तर सगळे पूल आमचे. नाही पडला तर शिरूरचा एक पेंटर टपून बसलेलाच होता.

"तू जा," हे म्हणाले.

दौंडच्या बाजारापलीकडे मी एकटी कधी गेले नव्हते. पण घरात धड हात दोनच होते, आणि ते माझे होते.

दौंड ते पळसवाडी

न्हावऱ्यापर्यंत एसटी, पुढे जीप. जीपवाला म्हणाला, "ताई, डबं टपावर टाका." काळा रंग, टर्पेंटाइन, ब्रशांची पिशवी, सगळं मी टपावर दिलं. पिवळ्या रंगाचा मोठा डबा मात्र देईना. तो सांडला तर दुसरा आणायचा कुठून, ही धास्ती. म्हणून मांडीवर घेऊन बसले.

निमोणं मागे पडलं आणि जीप एका खड्ड्यात आदळली. झाकण उडालं. अर्धा लोटा रंग शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या पांढऱ्याशुभ्र पातळावर.

मी पदराने पुसायला गेले, तर आणखीच पसरला. "चुकलं जी, माफ करा जी," एवढंच तोंडातून निघत होतं. बाईंनी आधी पातळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जल्मभर पांढरंच नेसले," त्या म्हणाल्या. "हळद लागायची राहिली हुती, ती आज लागली."

जीपवाला पुढून ओरडला, "मार्थामावशी, नवरदेव कुठाय मग?"

"तू हायेस की. आधी गाडी नीट चालव, मग बघू."

सगळी जीप हसली आणि माझ्या जिवात जीव आला. मावशींनी मला खोदून विचारलं, कोण, कुठली, एकटी कशी. पुलाचं काम म्हटल्यावर म्हणाल्या, "पूल आमच्या गावापासून हाकेवर हाय. ऱ्हायला माझ्याकडंच ये. आन् ते 'जी जी' कमी कर, मला सरकारी पाव्हणी झाल्यावानी वाटतं." पातळ रॉकेलने चोळलं तरी डाग गेला नाही. त्यांनी तो निऱ्यांत दडपला आणि विषय संपवला.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. दारावर पत्र्याची पाटी होती, पण गंजाने अक्षरं खाल्लेली. पेंटरच्या बायकोची नजर तिथेच जाते. वाचता आलं ते एवढंच: '…र्था, नर्स'.

पुलावर

नदी पाहून मी खरं तर हिरमुसले. आमच्याकडे याला नदी म्हणणार नाहीत. आमच्याकडे नदी म्हणजे डोंगा लागतो, आणि तळी तर एवढी की एकेका गावाला चार. इथे काळ्या खडकावरून घोट्याएवढं पाणी चाललेलं. पण नितळ इतकं की तळाचा खडा न खडा मोजून घ्यावा. वायव्येला बुटक्या डोंगरांची एक रांग दिसत होती. तिकडून ही निघते, धामणदरा नावाच्या वस्तीजवळून उतरते, पुलाखालून पळसवाडीच्या शिवारात शिरते आणि खाली जाऊन घोड नदीला मिळते. सगळी लांबी सकाळी निघून दुपारपर्यंत चालून संपेल एवढी.

ठेकेदाराच्या कागदावर लिहिलं होतं: भागीरथी नदी. एवढ्याशा पाण्याला एवढं मोठं नाव, म्हणून हसू आलं. पण आपलं काम कागदाप्रमाणे. पुलाच्या दोन्ही टोकांना सिमेंटच्या पाट्या होत्या, एक पळसवाडीच्या बाजूला, एक धामणदऱ्याच्या. दोन्ही पिवळ्या केल्या, वाळू दिल्या, खडूत बुडवलेला दोरा ताणून रेघा मारल्या आणि अक्षरं आखली.

पळसवाडीची माणसं जमली.

"आरं, पेंटर बाई हाय."

"मग काय झालं? रांगोळी कोण काढतं, तू?"

"बाई, भागीरथीचा भ जरा ठसठशीत काढा. आमची नदी हाय ती."

एकाने शेकोटीतून हुरड्याची गरम कणसं आणली, हातावर मळून दिली. ज्वारीचे कोवळे हिरवे दाणे, बरोबर लसणाची चटणी. भाताच्या मुलखातल्या बाईला हे सगळं नवं. आमच्याकडे तांदूळ शिजेपर्यंत धीर धरावा लागतो, इथे शेत उभं असतानाच खायला सुरुवात. दिवस मावळायच्या आत दोन्ही पाट्या झाल्या. मावशींच्या हातची बाजरीची भाकरी खाल्ली आणि दौंड सोडल्यापासून पहिल्यांदा निवांत होऊन झोपले.

सकाळी अक्षरं वाळलीत का बघायला गेले. अलीकडची पाटी जशीच्या तशी होती. पलीकडची, धामणदऱ्याच्या टोकाची, पांढरीफटक. कुणीतरी चुना फासला होता. आणि ते कुणीतरी बादली शेजारी ठेवून तिथेच बसलं होतं. एक म्हातारबाबा, डोक्याला मुंडासं, चेहऱ्यावर काही गुन्हा केल्याची खूण नाही.

"आबा, हे कोणी केलं जी?"

"म्या."

"का?"

"नाव चुकलं व्हतं."

मी कागद काढला. "यावर हेच आहे, बघा."

"कागद सासरचा आसंल," आबा म्हणाले.

मला काही उमगेना. दुसऱ्या दिवशी साहेब येणार आणि अर्धा पूल चुन्याचा. मी तिथेच खाली बसले. आबांना दया आली असावी. म्हणाले, "पेंटरबाई, पाणी प्या." मी प्याले आणि तांब्या त्यांच्यापुढे केला, तर त्यांनी विचारलं, "कुठनं भरलं?" पुलाच्या खालच्या अंगाने, मी सांगितलं. त्यांनी तांब्या परत केला, वरच्या अंगाला उतरले आणि ओंजळीने तिथलं पाणी प्याले. पाणी तेच. मधे फक्त पुलाची सावली. मला वाटलं, या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

तेवढ्यात मार्थामावशी माझी न्याहारी घेऊन आल्या. पाटी बघून हसता हसता कठड्यावर टेकल्या.

"गेनूआबा, मला येऊन सांगायचं तरी."

"तुमास्नी काय सांगायचं? तुमी पळसवाडीच्या."

"तुझी तिन्ही पोरं ह्या हातांनी सोडवली. तवा न्हाई इचारलंस, बाई कुठल्या गावची."

आबा ओशाळले. मग दोघांनी मिळून मला सांगितलं. ही नदी लेक आहे. डोंगरात जन्मली, धामणदऱ्यात वाढली. तिथं तिचं नाव ठकी. लग्न होऊन पळसवाडीच्या शिवारात गेली की ती भागीरथी. लग्नात नवरीचं नाव बदलतात, तसंच. म्हणून धामणदऱ्याचं कुणी लग्नाच्या जागेखालचं पाणी पीत नाही. लेकीच्या सासरी आईबापानं पाणी पिऊ नये, ही जुनी रीत.

"आन् माहेरात पोरीला सासरच्या नावानं हाक मारली," आबा म्हणाले, "तर ती म्हंती, मी आता हितं पाव्हणी. रुसती. फुडल्या साली येत न्हाई. ती न्हाई आली तर आमी काय करायचं, पेंटरबाई? आमच्या बाजूला दुसरं पाणी न्हाई."

मी म्हटलं, "पण उद्या साहेब येतील. माझं काम जाईल, आबा."

"तुमचं काम जाईल, आमची नदी जाईल," ते म्हणाले. रागाने नाही, हिशेब मांडावा तसं.

मावशी उठल्या. "चल. पोरीचं माहेर बघून येऊ. बघितल्याबिगर नाव घातलंस, तिथंच चुकलं."

ठकीच्या माहेरी

पुलापासून वर वाट नदीच्या काठानेच जाते. आबा पुढे, मावशी मधे, मी मागे. मावशींना दर वळणावर कुणी ना कुणी हाक मारी, कारण त्या काठावरचं निम्मं माणूस त्यांच्या हातावर जन्मलेलं. "हा उलटा आला हुता," त्या एका मिशीवाल्या धिप्पाड गड्याकडे बोट करून म्हणाल्या, आणि तो गडी लाजून म्हशीमागे गेला.

वर जावं तशी नदी लहान होत जाते, पण खोडकरही होते. खाली खडकावर नुसती पसरून चालते. इथे उड्या मारते, करंजाच्या मुळांत शिरून हरवते आणि दहा पावलांवर हसत बाहेर येते. एका जागी पाण्याने खडकात रांजणासारखे गोल खळगे कोरलेत. आबा म्हणाले, ठकीची भातुकली. एका जागी ती उगाच मागे वळसा घेते. तिथं म्हणे तिचं मन आईकडं ओढतं. नकाशात हे कुठे असणार?

धामणदरा म्हणजे वीस-बावीस घरं. त्यांच्या वर, डोंगराच्या कुशीत, एका उंबराखाली कपारीतून मनगटाएवढी धार येते. तीच ठकी. कपारीशेजारी शेंदूर नाही, देव नाही. एक गुळगुळीत दगड, त्याला कुंकू, आणि त्यावर हिरव्या बांगड्या. लहान मुलीच्या मापाच्या.

आबांच्या बायको पारूआजी तिथे आल्या. त्यांनी सांगितलं, दिवाळी झाली की एका मंगळवारी इथून तिची पाठवणी होते. बायका खण-नारळ घेऊन तिच्या बरोबरीने काठाकाठाने चालत जातात, बोहल्याच्या खडकापर्यंत. खडकाच्या खालच्या अंगाला पळसवाडीच्या बायका उभ्या असतात. अक्षता पडतात, त्या ओटी भरून घेतात, आणि धामणदऱ्याच्या बायका तिथूनच माघारी फिरतात.

"कुणी रडतं का?" मी विचारलं.

"म्या रडते दर साली," पारूआजी म्हणाल्या. "हे हसत्यात मला."

"हसत न्हाई," आबा म्हणाले. "डोळ्यांत धूळ जाती, त्यामुळं तसं दिसतं."

दुपारी त्यांच्याकडे जेवण. त्या म्हणाल्या मासवडी केलीय, आणि मी मनात खूश. आमच्या तळ्यांच्या मुलखात मासा रोजचा, दौंडला येऊन तो तुटलेला. ताटात आल्या बेसनाच्या गुंडाळ्या, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. मासळीचा पत्ता नाही. मी सारखी तुकडे उलटून बघते आहे हे मावशींनी ओळखलं आणि त्यांना ठसका लागला. पण चव अशी की दुसऱ्या वडीनंतर मी मासा विसरले.

वाढता वाढता पारूआजींनी नाव विचारलं.

"सुनीता."

"ते इकडचं. माहेरचं?"

माझा घास हातात राहिला. नऊ वर्षांत दौंडला हे कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंना माझं नाव गावंढळ वाटलं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि जुनं मी येताना गाडीतच विसरल्यासारखं झालं.

"दुर्पता," मी म्हटलं.

"दुर्पता," त्या म्हणाल्या, जसं काही रोजच म्हणतात. "आजून एक वडी घे, दुर्पता."

मावशी म्हणाल्या, "आमच्यात न्हाई बाई बदलत. बाप्तिस्म्याला ठेवलं ते मरस्तोवर."

"पर तुमी लगीन कुठं केलंय?" आबा म्हणाले.

"कालच हळद लागलीय," मावशींनी निऱ्यांतला पिवळा डाग काढून दाखवला.

परतताना मी बोहल्याचा खडक बघायला मागितला. कुठवर ठकी आणि कुठून भागीरथी, हे कळलं तर साहेबांना काही सांगता येईल, असं मनात होतं. आबांनी आम्हाला पुलापाशी आणलं आणि पुलाखाली बोट केलं. बोहलं तिथंच. रुंद, सपाट, काळा खडक, आणि त्यावर पुलाचा मधला खांब.

"पाया घालाया त्यांना पक्का खडक पायजे व्हता," आबा म्हणाले. "पक्का खडक ह्यो एकच."

म्हणजे पूल नदीच्या लग्नाच्या जागेवरच उभा होता. कुठलंही एक नाव घातलं असतं तरी चुकलंच असतं.

साहेब

ओव्हरसियर साहेब सकाळी मोटरसायकलवर आले. तोवर दोन्ही गावची माणसं जमली होती, पळसवाडीची अलीकडे, धामणदऱ्याची पलीकडे, वऱ्हाडासारखी. साहेब तरुण होते, घाईत होते. चुन्याची पाटी बघून कपाळावर आठी.

"पेंटर कुठाय?"

"मीच जी," मी म्हटलं.

मावशींनी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, पूल एक, नदी एक, नाव एक. कागदावर भागीरथी आहे. जमत नसेल तर दुसरा पेंटर आहे माझ्याकडे."

मावशींनी शांतपणे विचारलं, "साहेब, लगीन झालंय?"

"झालंय. त्याचं काय?"

"बाईसाहेबांचं नाव?"

साहेब घुटमळले. "अपर्णा."

"आन् सासऱ्यांकडं फोन केला, तर कोण हाय का म्हनून इचारता?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. दोन गावं वाट बघत होती.

"शकू," ते म्हणाले.

पुलाच्या दोन्ही टोकांना हशा उठला. मावशी म्हणाल्या, "मग शकूच्या माहेरात अपर्णाची पाटी लावली, तर सासूबाई च्या देतील का?"

साहेबही हसले, पण मान हलवली. "सगळं पटतंय, मावशी. पण माझ्या रजिस्टरला नावाचा कॉलम एकच आहे. वर मी काय दाखवू?"

आता मावशींचंही काही चालेना. दवाखान्याचं त्यांना ठाऊक, ऑफिसचं नाही. आणि मला एकदम आमच्या रेशनकार्डाची आठवण झाली. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव एक, लग्नानंतरचं दुसरं, म्हणून तेव्हा कारकून असाच अडून बसला होता.

"साहेब," मी म्हटलं, "माझ्या कार्डावर 'सुनीता ऊर्फ दुर्पता' लिहिलंय. कॉलम तिथंही एकच होता जी."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, रजिस्टर मोटरसायकलच्या सीटवर ठेवलं आणि लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "ठकी ऊर्फ भागीरथी."

"भागीरथी ऊर्फ ठकी का न्हाई?" पळसवाडीतून कुणीतरी म्हणालं.

"आधी जल्म, मग लगीन," गेनूआबा म्हणाले.

ज्या टोकाला जे नाव ते घाला, साहेब म्हणाले, आणि एकच अट घातली, दोन्ही पाट्यांवर अक्षर एकाच मापाचं हवं. मी चुना खरवडला, पुन्हा पिवळा हात दिला. डब्यात होता तेवढा पुरला, म्हणजे अगदी पुरलाच. ठ चा गोल काढायला टर्पेंटाइनच्या बाटलीचं बूच छोटं पडलं, म्हणून मावशींच्या डब्याचं झाकण धरून काढला. पण मापाप्रमाणे 'ठकी' दोनच अक्षरांत संपली आणि पाटीवर दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरली. मला वाटलं, आता धामणदऱ्याची माणसं रुसणार, आमची बारीक दिसते म्हणून.

आबा मान तिरकी करून बघत होते. "बारीकच हाय ती," ते म्हणाले. "ल्हान हाय आजून."

पाटीच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव घालायची आमच्या धंद्यात रीत आहे. भागीरथीच्या पाटीवर मी यांच्या दुकानाचं नाव पहिल्याच दिवशी घातलं होतं. ठकीच्या पाटीशी आले, ब्रश बुडवला, आणि थांबले.

"का थांबलीस?" मावशींनी विचारलं. "कुठल्या गावात उभी हायेस बघ की."

मी बारीक अक्षरात लिहिलं: दुर्पता.

परत

सगळे पूल आम्हाला मिळाले. हात बरा झाल्यावर हे मुद्दाम ठकीचा पूल बघून आले. कोपऱ्यातलं नाव त्यांनी वाचलं होतं. "ठ झकास जमलाय," एवढंच म्हणाले. पण त्या आठवड्यात एकदा भाजी निवडताना त्यांनी मला जुन्या नावाने हाक मारून बघितली, आणि दोघांनाही हसू आलं. पुढच्या पावसाळ्यात गेनूआबांचा निरोप जीपवाल्याकडून आला: पोरगी आली, येळेवर आली.

निघायच्या सकाळी मी मावशींना म्हटलं होतं, तुमच्या दारावरची पाटी करून देते. डबा उघडला तर तळाशी खरवडायलाही रंग नव्हता. अर्धा लोटा त्यांच्याच पातळावर गेलेला. त्या म्हणाल्या, "फुडल्या येळी."

ती पुढची वेळ अजून यायची आहे, पण येणार. पांढऱ्या पाटीवर निळ्या अक्षरांत नाव घालणार आहे. मार्था. जन्मापासून एकच, ऊर्फ नाही, काही नाही. कोपऱ्यात माझं नाव घालणार नाही, माझी दोन्ही नावं त्यांना ठाऊक आहेत. आणि मावशी, रंगाचा डबा या वेळी टपावर टाकेन. झाकण दोरीने बांधून.